गच्चीवरची शिफ्ट

डॉक्टरांनी बाबांना बजावलं, दिवसाला एकच पाइप. आईने भर घातली, तोही घराबाहेर. घराबाहेर म्हणजे आमची गच्ची, जिथे उन्हाळ्यात कावळासुद्धा एका पायावर उभा राहतो, दुसरा गार होईपर्यंत.

बाबांनी उभा जन्म बॉयलरवर काढलाय, हे दोघेही विसरले. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात आग विझू न देणं, हीच त्यांची नोकरी. विझायच्या आत कोळसा टाकला की आग तीच राहते. त्याच न्यायाने, विझायच्या आत तंबाखू भरली की पाइपही तोच. कारखान्यात विजेचा बॉयलर आला आणि बाबा घरी आले. तेव्हापासून ते रोज सकाळी गच्चीवर एकच पाइप पेटवतात. तो संध्याकाळपर्यंत चालतो. नियम कुठेही मोडत नाही, मोडतो फक्त माणूस. काल जिन्यात भिंत धरून उभे होते. विचारलं तर म्हणाले, ''प्लास्टर तपासतोय.''

आज माझी सुट्टी. दुपारी त्यांनी जेवणापुरतं मला वर बोलावलं.

''चार्ज घे.''

''बाबा, मी ओढत नाही.''

''ओढ कोण म्हणतंय? जिता ठेव. मधूनमधून हलका झुरका. भसाभस ओढशील तर जीभ भाजेल.''

मी हलका झुरका घेतला. जीभ भाजली. डोक्यावर ऊन, तोंडात निखारा. मधल्या भागाचं काय चाललं होतं ते सांगवत नाही. बाबा चार घास गिळून परत आले, विटेच्या रंगाचा चेहरा घेऊन, आणि राखेकडे बघत म्हणाले, ''कारखाना तुझ्या हातात असता तर अख्खं गाव ओल्या चादरीवर झोपलं असतं.''

''मी बसतो ना अजून. तुम्ही पडा जरा.''

''बदली कामगाराला पूर्ण शिफ्ट मिळत नसते.''

खाली आई ओट्याशी उभी होती. ''एक दिवस हा माणूस वरच्या वर वाळणार आहे,'' ती म्हणाली. ''तू विझवला का नाहीस?''

''परवा वाऱ्याने विझला होता ना? तर थंड पाइप धरून तिथेच बसले. आग गेली म्हणून जागा सोडायची नसते म्हणे.''

''मग सोडतात कधी?''

''पुढच्या शिफ्टचा माणूस आला की.''

आईने गॅस बंद केला. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग.

''अहो, मी आलेय.''

''कशाला?''

''दुसऱ्या शिफ्टला. सुटा तुम्ही.''

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता हसतील किंवा ओरडतील.

''उशीर केलास,'' ते म्हणाले.

''कुणी बोलावलं नाही मला.''

त्यांनी पाइप तिच्या हातात दिला. तंबाखू कुठे, काड्या कुठे, वारा कुठून, सगळं सांगितलं. मग कठडा धरत खाली गेले, पंख्याखाली उघड्या फरशीवर आडवे झाले आणि चपलांसकट झोपले. इतक्या दिवसांत त्यांना दुपारी झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी वर येऊन म्हणालो, ''झोपले. आई, जिंकलीस. विझव आता.''

''विझवते ना,'' आई म्हणाली. तिने पाइपात डोकावून पाहिलं. निखारा बारीक होत चालला होता. तिने जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

''चार्ज घेतलाय रे मी,'' म्हणाली आणि झुरका घेतला.

खोकून खोकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ''शी! हे असलं ओढतात?'' तिने खुर्ची सावलीच्या तुकड्यात ओढली. सावली खुर्चीच्या एका पायापुरतीच होती. पुन्हा एक झुरका.

''माझी शिफ्ट सुटते कधी?''

ते फक्त बाबांना माहीत होतं, आणि खालून घोरणं ऐकू यायला लागलं होतं.