चिंगीला काहीतरी सांगायचंय

मी टॅब बोलतोय. तोही आवाज गेलेला. माझा स्पीकर केव्हाच बसलाय, त्यामुळे माझं बोलणं तुमच्या कानावर पडायचं नाही. डोळ्यांनीच ऐकून घ्या.

जन्म कारखान्यातला. आमच्यासारखे हजारो एका पट्ट्यावरून सरकत होते आणि हातमोजे घातलेल्या बायका आम्हाला पुसून खोक्यात घालत होत्या. माझा पहिला मालक विम्याचा एजंट. माणूस गोडबोल्या, पण विसरभोळा. एकदा त्याने मला गाडीच्या टपावर ठेवलं, खिशात किल्ली शोधली, आणि मला तिथेच विसरून गाडी सुरू केली. मी रस्त्यावर आपटलो. काच शाबूत राहिली, आवाज मात्र गेला तो गेलाच.

पुढे त्याच्या कंपनीने जुने टॅब शाळांना द्यायचं ठरवलं. आम्ही एका लांबच्या वस्तीतल्या शाळेत आलो. वस्ती दगडाच्या खाणीला लागून, झाडांच्या पानांवरसुद्धा पांढरी भुकटी. भाषणं झाली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मग हेडमास्तरांनी आम्हाला कपाटात घातलं आणि कुलूप लावलं. "मुलांच्या हातात दिले तर आठवड्यात वाट लावतील," ते म्हणाले. वापरून खराब होऊ नये म्हणून एखादी वस्तू न वापरता खराब करायची, ही माणसांची जुनी खोड आहे. आणि खरं सांगायचं तर तेव्हा वस्तीत नेटही नव्हतं. आमचा उपयोग तरी काय होता?

नंतर समोरच्या टेकडीवर टॉवर उभा राहिला आणि त्याच सुमारास शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी हेडमास्तरांच्या मागे लागून कपाट उघडायला लावलं. मुलं नेटवर गणितं बघू लागली, समुद्र बघू लागली, दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी गप्पा मारू लागली. माझ्या वाट्याला कुणी आलं नाही. ज्याच्या हाती जाई तो मला कानाला लावून बघायचा आणि परत ठेवायचा.

"बाई, हा मुका आहे."

"मग त्या मुकीला द्या," हेडमास्तर हसत म्हणाले. "जमेल दोघांचं."

बाई हसल्या नाहीत. पण मला उचलून त्यांनी खरोखरच खिडकीजवळच्या बाकावर ठेवलं. तिथे चिंगी बसायची.

चिंगी अकरा वर्षांची. तान्ही असताना ताप आला आणि कान घेऊन गेला. कानच नाहीत म्हटल्यावर बोलणं येणार कुठून? घरचे तिला चिंगी म्हणत, वस्ती मुकी म्हणे, आणि तिला दोन्ही नावं ठाऊक नव्हती. आपल्याला नाव असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. पटावर होती म्हणून वर्गात बसे. भूक लागली की पोटावर हात, नको असलं की मान फिरवणं, एवढीच तिची भाषा.

बाईंनी शोधाशोध करून एक ताई मिळवल्या. त्या दूरच्या शहरात बहिऱ्या मुलांना खुणांची भाषा शिकवत. स्वतः जन्मापासून बहिऱ्या. दुपारी त्या माझ्या पडद्यावर यायच्या आणि त्यांचे हात बोलू लागायचे. पहिले काही दिवस चिंगी नुसती बघत राहिली. मग एके दिवशी तिला उमगलं की ही बाई उगाच हात हलवत नाही, या प्रत्येक हलवण्याचा काहीतरी अर्थ आहे. त्या दिवशी तिने माझी काच इतक्या जोरात धरली की मला वाटलं, आता मी तडकतो.

त्यानंतर तिने आम्हाला जेरीस आणलं. हे काय? ते काय? भिंत, चप्पल, मुंगी, ढग. दिसेल ते माझ्या कॅमेऱ्यासमोर धरायची किंवा मलाच उचलून त्याच्यासमोर न्यायची. अकरा वर्षांचे प्रश्न तुंबले होते.

पण घरी वेगळंच चाललं होतं. तिचा बाप खाणीवर टेम्पो चालवायचा. माणूस कष्टाळू, पण चारचौघांत लाजणारा. पूर्वी चिंगी गप्प बसायची, आता भर रस्त्यात हातवारे करायची. लोक थांबून बघायचे, पोरं नकला करायची. एक दिवस तो शाळेत आला.

"बाई, तो शिकवणीचा प्रकार बंद करा."

"अहो, पण ती किती शिकलीय बघा तरी."

"काय शिकली? माकडचेष्टा? आधी मुकी होती, आता लोक वेडी म्हणतात. उद्या हिचं कोण करणार?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तुम्ही चांगल्या आहात, बाई. पण तुमची बदली होईल, तुम्ही जाल. आम्हाला इथेच राहायचंय."

चिंगीला त्याने हाताला धरून नेलं. ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. काय झालं हे तिला कुणीच सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? सांगायची सोय तेवढी माझ्यातच होती.

पुढे काय घडलं त्यातलं बरंचसं मला नंतर कळलं, पण जे माझ्यासमोर घडलं ते मी विसरणार नाही.

तो शाळेचा साधा दिवस होता. मुलं कविता घोकत होती. इतक्यात दार धाडकन उघडलं. चिंगी. पायात चप्पल नाही, छाती धपापतेय. तिने बाईंचा पदर ओढला, बाहेर बोट दाखवलं, घशातून एक चिरका आवाज काढला. बाई "काय झालं, काय झालं" म्हणत राहिल्या. चिंगीने त्यांना सोडलं, धावत येऊन मला उचललं आणि पोटाशी धरून बाहेर पळाली. बाई तिच्या मागे.

शाळेला लागून सरकारी दवाखाना. दोन खोल्या, एक लाकडी बाक, एक खाट. बाकावर चिंगीची आई बसलेली. तिला दिवस गेले होते, सातवा महिना. मांडीवर गुंड्या, चिंगीचा तीन वर्षांचा भाऊ. शेजारी बाप उभा.

"आलीस?" बाप चिंगीवर खेकसला, जणू तिला ऐकू जाणार होतं. "मला कामावरून बोलावलं तेव्हापासून हिचं हेच चाललंय, डॉक्टर. पोरगं ओकतंय आणि ही मधेमधे नाचतेय. मघाशी पळून गेली."

डॉक्टर तरुण होते, डोळ्याखाली काळी वर्तुळं. "काळजी करू नका. उलट्या थांबल्यात. पोट बिघडलं असणार. साखर-मिठाचं पाणी पाजा, घरी न्या. पुन्हा काही झालं तर आणा."

आईने सुटकेचा श्वास टाकला. गुंड्या शांत पडला होता. अगदी शांत. बापाने त्याला खांद्यावर घेतलं.

चिंगी दारात आडवी उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"हो बाजूला!" बापाने तिला ढकललं. ती हलली नाही. त्याने हात उगारला.

"थांबा!" बाई मधे पडल्या. "एक मिनिट. तिला काहीतरी सांगायचंय."

"तिला? ती काय सांगणार?"

बाईंनी मला खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं आणि ताईंना फोन लावला. माझ्या कोपऱ्यात टॉवरची एकच काडी दिसत होती, तीही विझत-पेटत. रिंग गेली. कुणी उचललं नाही. ताई दुसऱ्या वर्गावर असणार. बाईंनी पुन्हा लावला. बाप दारात चुळबुळत होता. आई म्हणाली, "अहो, जाऊ या ना. त्याला झोपवू दे नीट."

रिंग जात राहिली. मी आयुष्यात हजारो फोन लावले असतील, पण तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या हातात काहीच नव्हतं. टेकडीवरचा टॉवर, मधल्या डोंगरदऱ्या आणि कुठल्यातरी खोलीत कुणाच्यातरी टेबलावर उजळणारा एक फोन. एवढ्यावर सगळं लटकलेलं.

ताईंनी उचलला.

चिंगीचे हात सुटले. इतके भरभर की ताईंनीच तिला थांबवलं: हळू. मग माझ्या पडद्यावर खाली अक्षरं उमटू लागली. ताई टाइप करत होत्या आणि डॉक्टर वाकून मोठ्याने वाचत होते.

"लाल," डॉक्टरांनी वाचलं. "भाऊ. लाल. खाल्लं."

"काय लाल?" बाप म्हणाला. "फळ असेल. नाहीतर खेळणं. तिचं काय धरून बसताय!"

तेवढ्यात ताईंचं चित्र गोठलं. हात अर्धवट वर, तोंड अर्धवट उघडं. चिंगी गोठलेल्या चित्राला खुणा करत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने माझी काच थोपटली, जसं झोपलेल्या माणसाला उठवावं. बाईंनी मला उचलून खिडकीच्या गजांबाहेर धरलं. चिंगी धावत बाहेर गेली आणि खिडकीखाली उन्हात उभी राहिली, डॉक्टर तिच्या मागे.

चित्र हललं.

ताई विचारत होत्या. गोड होतं? चिंगीला माहीत नाही. कुणाचं होतं? आईचं. चिंगीने पोटापुढे हाताची गोलाई केली: पोटात बाळ असलेली आई. आई ते खाते? हो, रोज. कशी खाते? चिंगीने चिमटीत काहीतरी धरलं, जिभेवर ठेवलं, भांडं तोंडाला लावलं, मान मागे टाकली.

अक्षरं उमटली आणि डॉक्टरांचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला. "आई रोज एक घेते. पाण्याबरोबर. लाल. भावाने..."

"भावाने काय?" आईने आतून विचारलं.

चिंगीने दोन्ही हातांची ओंजळ केली. भरलेली ओंजळ.

डॉक्टर धावत आत आईकडे आले. "तुम्हाला कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"तुम्हीच दिलेल्या की. रक्त वाढायच्या. लाल, चकचकीत..." ती मधेच थांबली. "अगं आई गं. डबा खालीच राहिला होता."

"पण आता तो बरा आहे ना?" बाप म्हणाला. "उलट्या थांबल्या म्हणालात तुम्ही."

"लोहाच्या गोळ्या लहान मुलाला विष असतात. त्यांचं असंच असतं." डॉक्टरांनी तोवर गुंड्याला त्याच्या खांद्यावरून घेऊन खाटेवर ठेवलं होतं, डोळे उघडून बघत होते. "मधे मूल बरं झाल्यासारखं वाटतं. लोक घरी नेतात. आणि मग..." ते सरळ झाले. "मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं. आत्ताच्या आत्ता. इथे याचं औषध नाही. गाडी आहे का?"

"टेम्पो आहे," बाप म्हणाला. त्याच्या हातातून किल्ली खाली पडली. त्याने ती उचलली, पुन्हा पडली. चिंगीने ती उचलून त्याच्या मुठीत दिली.

टेम्पोत पुढे बाप, शेजारी गुंड्याला घेऊन आई आणि डॉक्टर. मागे हौद्यात दगडाच्या भुकटीत बाई, चिंगी आणि मी. डॉक्टर म्हणाले होते, "तिला बरोबर घ्या. अजून काही विचारावं लागेल." तिला विचारावं लागेल, असं तिच्याबद्दल त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. वस्ती मागे पडली तशी माझी काडीही विझली. खड्ड्याखड्ड्याला मी तिच्या मांडीवरून उडत होतो. मागच्या छोट्या काचेतून तिने भावाचं डोकं बघितलं, ते एका बाजूला कललेलं होतं. मग तिने काचेकडे पाठ केली आणि मला घट्ट धरलं.

हॉस्पिटलात फोटो काढला. पोटाच्या फोटोत गोळ्या दिसल्या, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी फक्त एकच विचारलं, "केव्हा खाल्ल्या?" तिथे नेटवर्क दणदणीत होतं. ताईंनी चिंगीला विचारलं. तिने सांगितलं: बाबा कामावर गेले, आई पाणी भरायला गेली, तेव्हा. डॉक्टरांनी मान हलवली आणि सलाइनमधून औषध सुरू केलं.

दोन दिवस गुंड्या आत होता. आई भिंतीला डोकं टेकून बसे. "मी डबा वर ठेवायला हवा होता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणे. बाई तिला समजावत. तिसऱ्या दिवशी सकाळी गुंड्याने डोळे उघडले आणि सलाइनची नळी ओढून काढायचा प्रयत्न केला. नर्स ओरडली. ते ओरडणं ऐकून बापाला रडू फुटलं.

घरी आल्यावर बाप पुन्हा शाळेत आला. वर्ग सुटला होता. चिंगी माझ्यासमोर बसली होती, पडद्यावर ताई होत्या. तो बाकाजवळ उभा राहिला, डोकं खाजवलं.

"बाई, ही मला काय म्हणते?"

"म्हणजे?"

"खुणेत. प्रत्येकाला काहीतरी असतं ना. मला काय आहे?"

बाईंनी ते टाइप केलं, ताईंनी चिंगीला विचारलं. चिंगीने एक मिशी पिळली आणि स्टिअरिंग फिरवलं. ताई पडद्यावर हसल्या. बापानेही मिशीला हात लावला, मग हवेत स्टिअरिंग फिरवलं, अवघडत, अंग चोरून. चिंगीने त्याचा कोपर धरून खाली केला. चुकत होतं त्याचं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. चिंगी ताईंच्या शाळेत राहून शिकते. बाईंची बदली झाली, बाप म्हणाला होता तशीच. मी म्हातारा झालोय. बॅटरी फुगली आहे, चार्जर काढला की दम लागतो, एका कोपऱ्यात काच तडकली आहे. टॉवरही अधूनमधून बंद पडतो आणि मग अख्खी वस्ती आंधळी झाल्यासारखी होते. मला फेकून द्या, माझी हरकत नाही. पण माझ्या जागी दुसरा आणा, टॉवर चालू ठेवा. कुठल्यातरी बाकावर आणखी कुणीतरी बसलेलं असेल, ज्याचं सांगायचं राहून गेलंय.

आज सुट्टी आहे. टेम्पो शाळेसमोर उभा आहे. बापाने मला खिडकीत टेकवलंय, हात धुतलेत, गुंड्याला शेजारी घेतलंय. काडी एकच आहे. रिंग जातेय. चिंगीने अजून उचललेलं नाही, पण त्याने दोन्ही हात आधीच वर उचलून धरलेत.