खिडकीतला लोटा

आमची टीम जिंकली. सकाळपासून फोन थांबत नाहीये, कॉलेजच्या फाटकावर आमच्या तिघांचा फोटो लावलाय, आणि मला मेलीला तोंड कुठे लपवू असं झालंय. का, ते सांगते. मधे अडवू नका, नाहीतर मी पुन्हा काहीतरी रचून सांगेन. तेवढं मला छान जमतं.

स्पर्धा अशी होती : कॉलेजच्या मुलांनी टीम करायची, जगभरातला एक आरोग्याचा प्रश्न घ्यायचा आणि परीक्षकांपुढे त्यावर उपाय मांडायचा. बेंगळुरूत जिंकलेली टीम पुढच्या फेरीला जिनिव्हाला. आमच्या टीममध्ये शंतनु पुण्याचा, मैत्रेयी नागपूरची, दोघांची घरं आता इथे बेंगळुरूत, हेब्बाळला, आईवडील आयटीत. मी रक्षिता, इथल्याच यशवंतपूरची. आमचं घराणं तीनशे वर्षं इथलंच. मराठी बोलतो, पण वाचतो-लिहितो ते कन्नड. माझं मराठी ऐकून शंतनु सुरुवातीला गालातल्या गालात हसायचा. मग मी त्याच्यासमोर मोजूनमापून, पुण्यासारखं बोलायला लागले. तिथूनच माझं बिघडलं म्हणा.

विषय ठरला टीबी. गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात, पण घरचे दूर लोटतात म्हणून माणसं आजार लपवतात आणि गोळ्या अर्ध्यावर सोडतात. आकडे शंतनुने काढले, ॲप मैत्रेयीने केलं. पण परीक्षकांना खऱ्या माणसाची गोष्ट लागते. मी पटकन म्हणाले, "आमच्या भागात एक पेशंट आहे. मी बोलते तिच्याशी."

एक पेशंट! 'माझी अक्का' म्हणायला जीभ झडली असती का माझी?

अंबुअक्का म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. अप्पा अक्का म्हणतात म्हणून मीही अक्काच म्हणते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पलीकडच्या गल्लीत एकटी राहते. रोज चार वाजता आमच्याकडे कॉफीला येते. दोन वर्षांमागे तिला टीबी झाला. सहा महिने एक गोळी चुकवली नाही बाईने. पूर्ण बरी झाली, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं.

मी तिला म्हटलं, कॉलेजच्या कामासाठी तुझी हकीकत हवी आहे. "घे की गं, कुणाचं भलं होत असेल तर लिही," म्हणाली, आणि दोन तास बोलली. लोट्याचं मात्र ती काहीच बोलली नाही. ते मी माझ्या मनाने घातलं.

लोटा म्हणजे आमच्याकडे कॉफीचा स्टीलचा पेला. अक्काला टीबी निघाला त्या दिवशी ती आली, तेव्हा अम्मा कॉफीचं पातेलं हातात धरून नुसतीच उभी राहिली. कशात ओतावी तिला कळेना. मी आत गेले, फळीवर मागे पडलेला एक जुना, झिजलेला लोटा ओढून काढला आणि तिच्यापुढे ठेवला. मग धुऊन वेगळा, खिडकीत. तिथेच त्याची जागा झाली. अक्का बरी झाली तरी लोटा काही खिडकीतून हलला नाही. मी बायोटेक शिकते हो! टीबी पेल्यातून पसरत नाही, हे परीक्षेत लिहून मार्क घेतलेत मी.

हीच गोष्ट मी टीमला सांगितली. फक्त 'मी'च्या जागी 'तिच्या घरचे अडाणी लोक' असं घातलं. शंतनु उडालाच. "अरे, हा ग्लासच स्टेजवर आणूया! स्लाइड बघून परीक्षक जांभया देतात." मी म्हटलं, आणते मागून. मागून कसला! काल सकाळी खिडकीतून उचलला आणि बॅगेत टाकला.

फायनलला मी बोलले. लोटा हातात धरून बोलले. "याच लोट्याने या बाईला तिच्या घरच्यांनी परकं केलं," म्हणाले, आणि समोरच्या रांगेत एकीने डोळे पुसले. परीक्षकांत डॉक्टर शिवकुमार होते, इथलेच. त्यांनी लोटा मागून घेतला, उजेडात फिरवला, चष्मा वर केला.

"कन्नडात नाव घातलंय. चिरंजीव रक्षिता. नामकरण." माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझंही नाव रक्षिताच ना?"

भांड्यावर नाव घालून द्यायची आपल्यात रीतच आहे, पण त्या झिजलेल्या टिंबांकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. शंतनु आणि मैत्रेयी माझ्या तोंडाकडे बघत होते. कन्नड त्यांना वाचता येत नाही. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं.

"त्यांच्या घरातली कुणी मुलगी असेल, सर," मी हसून म्हणाले. "इथे फार कॉमन नाव आहे."

"सरी, असेल," म्हणाले ते, आणि लोटा परत दिला. अर्ध्या तासाने आम्ही जिंकलो.

संध्याकाळी घरी आले तर अक्का अजून बसलेली. अम्मा वैतागली होती. "चारपासून सांगतेय, दुसऱ्या लोट्यात घ्या. ऐकतील तर शपथ!"

"माझा दिसेना कुठे," अक्का म्हणाली. "म्हटलं, स्वल्प थांबू."

मी बॅगेतून लोटा काढला. तिने पदराने पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे बघ, अजून नाव आहे. तुझ्या नामकरणाला घेतला होता मी. दुकानात उभं राहून नाव घालून घेतलं."

"तुला ठाऊक होतं, हा तोच?"

"न ठाऊक असायला काय? त्या दिवशी तुझी अम्मा बिचारी घाबरली होती. आणि तू आत जाऊन तुझा स्वतःचा लोटा मला आणून दिलास. किती बरं वाटलं मला, काय सांगू! त्या गोळ्या घशाखाली उतरायच्या नाहीत गं. मग इथे आले की मी म्हणायची, पोरीच्या लोट्यातनं घेते."

मला भडभडून आलं. लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना. आणि गप्प बसणंही होईना.

"अक्का, मी हा स्पर्धेला नेला होता. तिथे एका डॉक्टरांनी नाव वाचलं, विचारलं, हे तुझं का. मी नाही म्हणाले. तू माझी कोण, तेही नाही सांगितलं कुणाला. आणि त्या दिवशी हा माझा म्हणून दिला नव्हता मी तुला. जुना होता म्हणून दिला. वेगळा ठेवायला."

अम्माने लोट्यात कॉफी ओतली आणि ती ओट्याकडे वळली. अक्काने कॉफी संपवली, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. उठून नळाखाली लोटा घासला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि फळीवर आमच्या लोट्यांच्या रांगेत ठेवला.

तिने तो परत उचलला, पुसला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

"तुझा नाही म्हणालीस ना," ती म्हणाली, "मग माझाच झाला. राहू दे त्याच्या जागेवर."

आणि चपला घालून गेली. आज साडेपाच वाजून गेले, अजून आलेली नाही.