फाटकाजवळचा तांब्या

“तू बघितलंस ना त्यांना जाताना? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस?”

“व्हय बाई.”

“मग विचारलं का नाहीस?”

रेश्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्या टेबलासमोर उभी. माझा पारा चढला. वर्षभर या पोरीला शिकवलं. औषधांच्या वेळा, स्वयंपाकघराची तपासणी, नातेवाइकांची भांडणं, आग लागली तर आधी कुणाला बाहेर काढायचं, सगळं घोटून घेतलं. आणि ऐन परीक्षेच्या दिवशी हिच्या डोळ्यांदेखत मल्लिनाथअण्णा फाटकातून चालते झाले!

“अगं, तोंड उघड की!”

“बाई, नटूनथटून निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून कसं इचारायचं?” ती हळूच म्हणाली. “आमच्या आईनं तोंडावर मारलं असतं.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

विजापूर रस्त्यावरचं आमचं ‘अक्कम्मा निवास’ म्हणजे म्हाताऱ्यांचं बिऱ्हाड. कुणाची मुलं लांब, कुणाला मुलंच नाहीत, कुणाची असून नसल्यासारखी. मी तिथली व्यवस्थापक. नाव शिवम्मा, पण सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. आधी दवाखान्यात नर्स होते, मग इथं आले आणि इथलीच होऊन बसले. लग्नबिग्न केलं नाही. कार्यालयामागच्या दोन खोल्या व्यवस्थापकाला मिळतात, त्याच माझं घर. महिनाअखेरीस मी निवृत्त होणार होते. “आता मोकळी होणार बाबा एकदाची,” असं मी दिसेल त्याला सांगत होते.

पण मी मोकळी व्हायची तर माझ्या खुर्चीत कुणीतरी बसायला हवं. आमच्या ट्रस्टचा नियम कडक आहे. नव्या माणसानं जुन्याच्या हाताखाली वर्षभर शिकायचं, लेखी पेपर द्यायचा, मग पुण्याच्या कार्यालयातून साहेब येऊन तोंडी घेणार, आणि त्यांनी शिफारस केली तरच प्रमाणपत्र. रेश्मा करमाळ्याकडची. नवरा अपघातात गेला, तेव्हा इथं नर्स म्हणून लागली. मुलगी आरोही तिकडं आजीजवळ. प्रमाणपत्र मिळालं की दोन खोल्या मिळणार, आणि खोल्या मिळाल्या की पोर आईजवळ येणार. रेश्मानं ही गोष्ट मला एकदाच सांगितली होती, पण आरोहीच्या शाळेची चौकशी तिनं केव्हाच करून ठेवली होती, हे मला ठाऊक होतं.

आणि आज हा घोळ.

मल्लिनाथअण्णांचं साखर पेठेत किराणा दुकान होतं. ऐंशी ओलांडली आणि डोक्यातलं एकेक निसटायला लागलं. आमच्याकडं आल्यापासून त्यांचा रोजचा एकच धोशा, “मला घरी सोडा. हे कुणाचं घर आहे? मला माझ्या घरी सोडा.” दर सोमवारी पुतण्या येऊन त्यांना सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन जायचा. आज सोमवारच होता. रेश्माला वाटलं, पुतण्या बाहेर स्कूटर लावून उभा असेल, म्हणून तिनं नुसतं ‘या हं’ म्हटलं. तो मात्र तापानं घरी झोपला होता, आणि आपण आज येत नाही हे कळवायला विसरला होता.

मी वॉचमनला हाक मारली. जोतीराम आला, टोपी काढून उभा राहिला.

“तू तरी अडवायचंस!”

“अडवू कसा? पांढरं धोतर, काळा कोट, टोपी, हातात पिशवी. म्या फाटक सताड उघडलं अन् सलाम ठोकला.”

“विचारलं का, कुठं चाललात?”

जोतीरामनं असं बघितलं की जणू मीच काहीतरी वंगाळ बोलले. “निघत्या पावलाला? न्हाय बा.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अंबुबाई हात पुसत आली. “अण्णा व्हय? लई खुशीत व्हते की. म्हनले, चांगल्या कामाला निघालोय. म्या हातावर दहीसाखर घातली. म्हनलं, जावा, काम फत्ते करून या.”

“वा! वा!” मी ओरडले. “एकानं सलाम ठोकला, एकीनं दहीसाखर दिली, एकीनं ‘या हं’ म्हणून निरोप दिला. हार आणि बँडबाजा तेवढा राहिला की!”

कुणी हसलं नाही. मलाही हसू येत नव्हतं. बाहेर एप्रिलचं ऊन डांबर वितळवत होतं. अण्णांनी सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती. मी पोलीस चौकीला फोन केला, फोटो पाठवला. जोतीरामला एसटी स्टँडवर पिटाळलं. आमच्या दोन नर्सेस एक देवळाकडं, एक साखर पेठेकडं गेल्या. रेश्मा चप्पल घालायला लागली तशी मी तिचा हात धरला.

“तू कुठं निघालीस? साहेब येताहेत.”

“बाई, माझ्यामुळं गेले ते.”

“ऐक. साहेबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. तोंडी उरकून घे, तोवर मी बघते. अण्णा सापडतील. तुझी परीक्षा मात्र पुन्हा वर्षाशिवाय नाही.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग चप्पल काढली.

अमरेशसाहेब आले. तिशीतला पोरगाच, पण चेहरा मोठ्या माणसाचा करून आलेला. चहा नको म्हणाले, पंख्याखाली बसले आणि थेट कामाला लागले. रेश्मा आत गेली. मी व्हरांड्यात फोन कानाला लावून, पण कान दाराला. स्टँडवर नाहीत. देवळात नाहीत. साखर पेठेत नाहीत. आतून प्रश्नांचे आणि उत्तरांचे आवाज येत होते. जेवणातून विषबाधा झाली तर? रहिवासी पडला तर? रेश्मा बरोबर सांगत होती. आवाज तेवढा कोरडा होता.

मग साहेब म्हणाले, “समजा, विस्मरणाचा आजार असलेले एखादे आजोबा कुणाला न सांगता बाहेर पडले. तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?”

मी फोन कानावरून खाली घेतला. देवा सिद्धेश्वरा, म्हटलं, हिच्या तोंडून पुस्तकातलं उत्तर येऊ दे.

“सर, समजा कशाला?” रेश्माचा आवाज आला. “आजच गेलेत. मी फाटकापाशी उभी होते. न विचारता जाऊ दिलं. सगळीकडं माणसं धाडलीत, पोलिसांना कळवलंय. पर मला हितं बसून उत्तरं देता येईनात सर. मी शोधायला जाते. तुम्ही नापास करा.”

खुर्ची सरकली आणि ती बाहेर आली. माझ्याकडं न बघता चप्पल घातली. झालं, म्हटलं. बसली आता ही आणखी वर्षभर, आणि ते पोरगंही तिकडं आजीपाशी. मला तिचा इतका राग आला आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. यातलं काहीच करायला वेळ नव्हता. पाठोपाठ साहेब बाहेर आले, हातात गाडीची किल्ली.

“बाई, मलाही फोटो पाठवा. चला, माझ्या गाडीत तुम्ही दोघी बसा.”

आम्ही फाटकापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच रस्त्यावरून एक रिक्षा वळली आणि थेट आमच्यासमोर थांबली. मागच्या सीटवर मल्लिनाथअण्णा! पाठ ताठ, पिशवी मांडीवर, टोपी सरळ, आणि चेहरा रागानं लालबुंद.

“अण्णा!” रेश्मा किंचाळलीच.

रिक्षावाला उतरला, गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. “चाची, ये चाचा को सँभालो. सात रस्ते पे मेरे रिक्षा में बैठे. मैं पूछ्या, कां जाना है चाचा? बस, बिगड गए! बोले, पूछ डाला ना तूने? अब काम नहीं होता. चल, वापस घर को ले. पानी पी के, बैठ के, फिर निकलना पडता. अब मैं रिक्षावाला, मैं नहीं पूछूंगा तो कौन पूछेगा?”

“आणि घर कुठलं सांगितलं त्यांनी?” मी विचारलं.

“यहीच का बोले. विजापूर रोड, अक्कम्मा निवास. बोले, शिवम्मा है वहां, उसको सब मालूम.”

वर्षभर ज्या माणसानं ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणून माझं डोकं खाल्लं, त्यानं रस्त्यात अपशकुन झाल्यावर परतायला आमचा पत्ता सांगितला होता. मी तशीच मागं फिरले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि साहेबांसमोर, अंबुबाईसमोर, सगळ्यांसमोर खुशाल रडले.

अण्णा माझ्या शेजारी येऊन टेकले. “नीर कोडु,” त्यांनी कानडीत हुकूम सोडला, मग मराठीत, “पाणी दे गं पोरी.” रेश्मानं तांब्या आणून दिला. ते घटाघट प्यायले, मिशा पुसल्या, गोळीही मुकाट्यानं गिळली. राग ओसरला.

“दानेश्वरीचं ठरवायला चाललो होतो,” ते म्हणाले. “स्थळ चांगलं आहे. अक्कलकोटचं. पण त्या रिक्षावाल्यानं वेळ मोडली. आता गुरुवारी बघू.”

त्यांची दानेश्वरी बंगळूरला असते. तिला नातू झालाय. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

“गुरुवारी जाऊ की अण्णा,” रेश्मा त्यांच्या पायाशी बसून म्हणाली. “म्या येते संगं. आपली मुलीकडची बाजू. एकट्यानं गेलं तर चांगलं दिसतं का?”

“ते बरोबर,” अण्णा म्हणाले. “बाईमाणूस सोबत पाहिजेच.”

रिक्षावाला भाडं घ्यायला तयार होईना, तेव्हा अंबुबाईनं त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. साहेब एवढा वेळ खांबाला टेकून उभे होते. आता त्यांनी एक खुर्ची ओढली आणि तिथंच, बाकासमोर बसले.

“आपला प्रश्न अर्धाच राहिला होता,” ते रेश्माला म्हणाले. “उद्यापासून काय बदलाल? फाटकाला कुलूप?”

“कुलूप न्हाय सर. कुलपात ठेवायला ते काय चोर हायत?” रेश्मानं डोळे पुसले. “ह्यो बाक फाटकाजवळ नेते. शेजारी पाण्याचा तांब्या. जो कोण निघंल त्याला म्या तोंडावर इचारनार, कुठं निघालात म्हणून. शिव्या खाईन. चिडतील, माघारी फिरतील, बाकावर बसतील, पाणी पितील. तवर आमच्यातलं कुणीतरी चप्पल घालून सोबतीला तयार. मग जाऊ दे की कुटं जायाचं तितं.”

घाबरली की ही पोरगी पक्की करमाळ्याची बोलते. वर्षभर मी तिला कार्यालयात नीट बोलायला शिकवत होते, पण त्या दिवशी मी तिला टोकलं नाही.

साहेब हसायला लागले. मोठ्या माणसाचा चेहरा कुठल्या कुठं गेला. “माझी आई बार्शीला असते. मी घरून निघालो की ती अजून ‘कुठं’ म्हणत नाही. ‘कुणीकडं’ म्हणते, तेही दुसरीकडं बघत.” मग गंभीर झाले. “सकाळची चूक मी अहवालात लिहिणार. ती लिहावीच लागेल.”

“लिहा सर,” रेश्मा म्हणाली.

त्यांनी लिहिली. आणि त्याच्याच खाली शिफारसही लिहिली. प्रमाणपत्र पंधरवड्यात आलं. रेश्मानं ते आधी देवापुढं ठेवलं, मग माझ्या पायांवर, आणि मी “उचल, मळेल,” म्हणून खेकसले, कारण मला पुन्हा रडायचं नव्हतं.

महिना संपला. शाल, श्रीफळ, भाषणं आदल्या दिवशी आटोपली. माझ्या दोन खोल्या मी धुऊन पुसून रिकाम्या केल्या. मंगळवेढ्याला माझा भाऊ असतो, गुरुलिंग. “अक्का, ये आता इकडंच,” असं तो कितीदा म्हणाला होता. भावजय चांगली आहे. घर मोठं आहे. पण मी त्या घरी सणावाराला दोन दिवस राहिलेली बाई, तिथं माझी चप्पल कुठं ठेवायची हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. मोकळी होणार, मोकळी होणार म्हणून वर्षभर नाचले, आणि त्या सकाळी मला जायचीच भीती वाटत होती. कुणाला सांगणार?

सगळे नाश्त्याला बसलेले बघून मी बॅग उचलली. रडारड नको, गुपचूप निघावं. अंगण ओलांडलं. फाटकाजवळच्या बाकावर अण्णा पेपर उलटा धरून वाचत होते. जोतीरामनं मला बघून फाटक सताड उघडलं आणि हात सलामाला उचलला.

“कुठं निघालात, बाई?”

मागून आवाज आला, चांगला खणखणीत. जोतीरामचा हात कपाळाशीच राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून अंबुबाई “अगं बया!” म्हणाली. मी वळले. रेश्मा अंगणात उभी.

“रेश्मे, जिभेला काही हाड? निघताना विचारतेस? आता माझी एसटी चुकणार!”

“चुकू द्या की. दुसरी हाय.”

“केला पोरीनं अपशकुन,” अण्णांनी पेपर खाली ठेवला. “फिर मागं, शिवम्मा. असं जायचं नसतं. बस हितं.” आणि ते बाकावर थोडे सरकले.

मी बॅग खाली ठेवली. त्यांच्या शेजारी बसले. रेश्मानं तांब्या माझ्या हातात दिला. माठातलं पाणी होतं, गार. मी ते सावकाश, घोट घोट प्यायले. तांब्या रिकामा झाला, तेव्हा तिनं काही न विचारता तो पुन्हा भरून आणला.