डाव्या दंडावरची गाठ

आमच्या ह्यांना साखरेचा आजार जडला आणि डॉक्टरांनी रोजचं इन्सुलिन लिहून दिलं, ते साल चौऱ्याऐंशी. बाटली थंडाव्यात ठेवायची, आणि मांडवीच्या आमच्या आळीत फ्रिज एकच, शेजारच्या शरीफाकडे, तिच्या नवऱ्याने कुवेतहून आणलेला. सासूला टोचून टोचून शरीफा सुईत तरबेज झालेली. तेव्हा ठरलंच. बाटली तिच्याकडे आणि सकाळी सात वाजता आमचे हेही तिच्याकडे.

इंजेक्शनला जाताना माणूस भांग कशाला पाडतो, हे मला अजून कळलेलं नाही.

"कळतसुद्धा नाही गो," परत येऊन म्हणायचे. "शरीफाचा हात म्हणजे कापूस." वीस वर्षं माझ्या हातचं जेवून हाताबद्दल हा माणूस कधी एक शब्द बोलला नव्हता.

दोन वर्षं ऐकून घेतलं. मग साखर वेडीवाकडी चालायला लागली. एकदा चारशेवर गेली, एकदा एवढी उतरली की हे कचेरीतच चक्कर येऊन पडले. रविवारी अंगाला तेल लावताना डाव्या दंडावर माझ्या बोटांना काहीतरी मऊ लागलं, उकडलेल्या अंड्याएवढं. चिमटा काढला. ह्यांना पत्ताच नाही.

"इन्सुलिनचं कामच ते," डॉक्टर म्हणाले. "पेशींना सांगायचं, साखर आत घ्या, चरबी साठवा. रोज एकाच जागी सांगितलंत तर तिथल्या पेशी पोसणारच. तिथे सुई कळत नाही, आणि औषधही कधी रक्तात पोचतं, कधी अडकतं. आता जागा बदलत राहा. मांडी, पोट. डोस मी थोडा कमी करून देतो."

म्हणजे कापूस तिच्या हातात नव्हता, ह्यांच्या दंडात होता. रिक्षात मी हसू पदराआड धरून बसले. शर्टाची बाही वर करण्यापलीकडे दोघांची मर्यादा, म्हणून तर दोन वर्षं तोच दंड. शेजारणीपुढे हे मांडी थोडीच उघडी करणार?

पण मला टोचायला शिकवणार कोण? तीच. गाठीचं ऐकून शरीफाचा चेहरा उतरला.

"माझ्यामुळे झालं, वहिनी."

हेच तिच्या तोंडून ऐकायचं होतं मला. ऐकलं, आणि घशाखाली उतरेना. "तुला तरी कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं.

तिने माझ्यापुढे टोमॅटो ठेवला आणि पाणी भरलेली सिरिंज हातात दिली. "दात नको आवळू. टोमॅटोने तुझं काय खाल्लंय?"

तिसऱ्या दिवशी ह्यांच्या मांडीवर सुई टेकवली. बाटली परत ठेवायला गेले तर शरीफा दारातच उभी.

"भाऊंना दुखलं?"

"छे," मी म्हटलं.

ह्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं, आणि कितीतरी वेळ त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. तेवढं मी तिला सांगितलं नाही.