मीटरवरचे चाळीस

"गिऱ्हाईक बरं बघितलंस ना?" दीनानाथ सरांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवून विचारलं. "मिरवायला नेणारा नको. नीट वापरणारा पाहिजे."

धम्मपाल म्हणाला, माणूस चांगला आहे, शहागडला हायवेवर धाबा आहे त्याचा, बद्रीनाथ नाव, तीन वाजेपर्यंत येतो म्हणालाय. एवढं सांगून तो उगाचच जीपच्या चाकाशी वाकला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं. पण सरांच्या डोळ्यांत बघण्यापेक्षा चाकाकडे बघणं त्याला गेले आठ महिने सोपं जात होतं.

भोकरदन रस्त्यावरचं धम्मपालचं गॅरेज जालन्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पंक्चर आणि ऑइल बदलायला लोक दुसरीकडे जात. धम्मपालकडे यायचं ते गाडीचं रूप पालटून घ्यायला. कुणाच्या पिकअपला कमानी चढवून तिला हातभर उंच कर, कुणाच्या इंजिनला टर्बो बसव, कुणाला बैल अडवेल एवढा जाड पाइपाचा बंपर लावून दे. एकदा तर भंगारात निघालेली एक जुनी कॉन्टेसा मोटार त्यानं दीड वर्ष खपून अशी उभी केली की संभाजीनगरचे शौकीन ती बघायला मुद्दाम आले. इथल्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी लांबलांबून भंगार येतं. ते भट्टीत पडायच्या आधी कोणत्या यार्डात कोणता माल हाती लागेल, हे त्याला तोंडपाठ होतं. हात सोन्याचे आहेत असं लोक म्हणत, आणि धम्मपाललाही ते खरं वाटायला लागलं होतं. तिथंच घोळ झाला.

दीनानाथ सर त्याचे शाळेतले गुरुजी, गणित आणि विज्ञानाचे. जालन्यातच मस्तगडला राहायचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सरकारी लिलावात त्यांनी ही जीप घेतली आणि मुलासारखी सांभाळली. पंच्याहत्तरीच्या वेळी पुण्याहून त्यांच्या मुलाचा, निखिलचा फोन आला. पप्पांची जीप एकदम जबरदस्त करून दे, वाढदिवसाला त्यांना चकित करायचंय. धम्मपालला तर हेच हवं होतं. त्यानं कमानी बदलल्या, पॉवर स्टिअरिंग बसवलं, पुढं डिस्क ब्रेक घातले, गर्द हिरवा रंग चढवला आणि तेहतीस इंची टायर लावले. सर आधी कुरकुरले, म्हातारपणी हा काय तमाशा म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बायकोला, उमाकाकूंना बसवून त्यांनी मोतीतलावाला दोन चकरा मारल्या. जीप इतकी उंच झाली होती की काकूंना चढायला स्टूल लागायचं. ते स्टूल सरांनी मागच्या सीटला दोरीनं बांधून ठेवलं होतं आणि ते सोडताना, बांधताना त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नसे.

आता चूक. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. गिअरबॉक्समधून मीटरकडे जाणाऱ्या वायरीला मात्र हे कळत नाही, ती जुन्याच टायरच्या हिशेबानं वेग दाखवत राहते. म्हणून टायर वाढवला की मीटरची छोटी गरारी, म्हणजे दातेरी चाक, बदलावी लागते. ती गरारी जालन्यात मिळाली नाही, दिल्लीहून मागवली होती. तोवर वाढदिवस तोंडावर आला. धम्मपालनं निखिलला फोनवर सांगितलं की मीटर जरा कमी दाखवतं, पाच-सात धरून चालायचं. निखिल हो म्हणाला आणि विसरून गेला. धम्मपालचीही त्यात काही मोठी चूक म्हणता आली नसती, कारण त्याच्याकडे येणारी पोरं मीटरकडे बघतच नसत. पण गाडी ताब्यात घेताना, सगळे फोटो काढत असताना, सरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काही सांगायचं राहिलंय का?" आणि आपल्याच कामावर खूश होऊन उभा असलेला धम्मपाल म्हणाला होता, "न्हाई सर, बिनघोर चालवा."

सर आयुष्यभर मीटर बघून गाडी चालवत आलेले. गावात तीस, वस्तीच्या रस्त्याला चाळीस, मोकळ्या रस्त्याला पन्नास. त्याच्या वर काटा कधी गेला नाही.

पुढच्याच महिन्यात संकष्टीला सर राजूरच्या गणपतीला गेले. देवळाच्या अलीकडे हार विकणारा कडूबा टोपली घेऊन रस्ता ओलांडत होता. सरांनी ब्रेक मारला, जीप घसरत गेली आणि कडूबाच्या डाव्या पायावर आदळली. पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला, पण काठी कायमची आली. सरांनीच त्याला दवाखान्यात नेलं, रोज डबा नेला. मात्र पोलिसांसमोर कडूबा म्हणाला की गाडी जोरात होती, तेव्हा सर ठामपणे म्हणाले, याचा अंदाज चुकतोय, मी स्वतः मीटर बघितलं, चाळीसच्या वर नव्हतं. सगळ्या राजूरनं सरांचं ऐकलं. सर खोटं बोलणार नाहीत, यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

धम्मपालला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. फुटलेला दिवा बदलायला जीप त्याच्याकडेच आली होती. 'चाळीसवर होतो' हे सरांचे शब्द ऐकले आणि त्याला न बदललेली गरारी आठवली. आज नको, उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. उद्याचा परवा झाला. चार दिवसांनी दिल्लीची गरारी आली, ती त्यानं ड्रॉवरमध्ये टाकली. बसवली तर का बसवली म्हणून सांगावं लागणार. नाव जाईल, गिऱ्हाईक जाईल, आणि सरांच्या नजरेतून उतरेन ते वेगळंच. असं करता करता आठ महिने गेले. रात्री जेवताना घास तोंडात फिरायचा. बायको विचारायची, काय झालंय. तो म्हणायचा, कामानं भूक मेलीय.

आणि आज सर जीप विकायला निघाले होते. विकली की टायर गेले, मीटर गेलं, सगळंच शहागडला गेलं. कुणाला कधी काही कळणार नव्हतं. सकाळी मस्तगडाहून जीप आणताना धम्मपालच्या मनात हा विचार येऊन गेला होता, आणि त्याला स्वतःची किळस आली होती.

सर स्टुलावर बसले. पाणी प्यायले. मग आपणहून बोलायला लागले.

"तुला एक सांगतो, कुणाला बोललो नाही. अपघातानंतर मी टेप घेऊन राजूरला गेल्तो. रस्त्यावर टायर घासल्याची खूण होती, ती मोजली. तेरा मीटर भरली. चाळीसच्या वेगाला कोरड्या रस्त्यावर नऊ, साडेनऊ मीटर पुरायला पाहिजे. दहादा मांडून बघितलं. म्हणजे गाडी चाळीसला नव्हती. म्हणजे मी मीटरवर भलतंच वाचलं, आणि पोलिसांसमोर खोटं बोललो. हे कडूबापुढं कबूल करायचा धीर आजवर झाला नाही."

धम्मपालनं उगाचच एक पाना उचलला.

"डोळे तपासले, डॉक्टर म्हणाला चांगले आहेत. मग बिघाड आणखी वर आहे," सरांनी कपाळाला बोट लावलं. "आता उमाला औषधाची गोळी देताना पण तिलाच म्हणतो, तू वाच. त्या बद्रीनाथला सांग, गाडीत दोष नाही. तुझ्या कामात दोष कसा असेल. दोष चालवणाऱ्यात होता."

धम्मपालच्या हातात पाना होता. तो त्यानं खाली ठेवला. पुढं कधीतरी हा क्षण आठवताना त्याला वाटायचं की आपण धीर केला वगैरे काही नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून गप्प राहणं अंगाला झेपलं नाही, एवढंच.

"सर, तुम्ही बरोबरच वाचलं. मीटरच चुकीचं दाखवून राह्यलंय. टायर वाढवला, अन् मीटरची गरारी मी बदललीच न्हाई."

सर स्टुलावर ताठ झाले. मग त्यांचा वर्गातला आवाज आला.

"जुना टायर केवढा?"

"अठ्ठावीस इंच."

"हा?"

"तेहतीस."

सर हवेत बोटानं मांडत होते. "चाळीस गुणिले तेहतीस, भागिले अठ्ठावीस. सत्तेचाळीस." बोट थांबलं. "सत्तेचाळीसला तेरा मीटर. जुळलं." अवघड उदाहरण सुटल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा उजळला. परिघाचं हे गणित त्यांनीच तर धम्मपालला सातवीत शिकवलं होतं, सायकलचं चाक वर्गात आणून. पण माणूस स्वतःत खोट शोधायला लागला की शेजारी उभी असलेली गाडी त्याला दिसत नाही.

तो उजेड फार टिकला नाही. "तुला हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. आत्ता, असं म्हणता आलं असतं. "त्याच दिवशी," धम्मपाल म्हणाला.

सरांनी नजर दाराकडे वळवली. बाहेर रस्त्यावरून भंगाराचे ट्रक जात होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "डोळे तपासायला मला तूच घेऊन गेल्तास, धम्मपाल."

त्यांनी शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तरी चाललं असतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आपण मोबाइलवर कुणाच्या तरी पिकअपचे फोटो बघत होतो, हे धम्मपालला आठवलं आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

सर उठले. "चल. राजूरला जायचं. त्या माणसाला मी लोकांसमोर खोटं पाडलंय."

बद्रीनाथला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. तो चिडला, भाडं खर्चून निघालो म्हणाला. धम्मपालनं ऐकून घेतलं. राजूरपर्यंत सर मीटरच्या काट्याकडे बघत बसले. धम्मपाल सत्तावीस-अठ्ठावीसनं जीप चालवत राहिला आणि मागून येणारे सगळे हॉर्न वाजवत पुढं गेले.

चतुर्थी नसल्यानं देवळापुढं गर्दी नव्हती. कडूबा नारळ-हाराच्या दुकानात बसून दुर्वांच्या जुड्या बांधत होता, काठी शेजारी टेकवलेली. त्याची बायको बेबीनंदा आत फुलांवर पाणी मारत होती. गुरुजींना बघून कडूबा उठायला लागला. सरांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः उभं राहून हात जोडले.

"कडूबा, तू म्हणालास ते खरं होतं. गाडी जोरात होती. माझं मीटर चुकीचं होतं आणि मी तुला खोटं ठरवलं. मला माफ कर."

धम्मपाल मागं उभा होता. सर त्याचं नाव घेतील म्हणून तो वाट बघत होता. सरांनी घेतलं नाही. मग त्यालाच पुढं व्हावं लागलं. मीटर माझ्यामुळं चुकीचं होतं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ते बराबर असतं तर गाडी तुमच्या अलीकडंच थांबली असती. हे सांगताना त्याची नजर कडूबाच्या वाकड्या घोट्यावरून हलेना.

कडूबानं जुडी खाली ठेवली. तो काही बोलायच्या आत बेबीनंदाच बाहेर आली. हातातून पाणी ठिबकत होतं.

"मी बी यांलाच बोल लावला," ती म्हणाली. "म्हणलं, गुरुजी कशाला खोटं बोलतील? तुमचंच ध्यान नसंल. आठ महिने हे माणूस सांगून राह्यलं, अन् घरात मी बी मानलं न्हाई."

ती पदरानं हात पुसायला लागली. धम्मपालला आजवर वाटत होतं की आपण एकट्या सरांचा विश्वास मोडला. कडूबावरचा त्याच्या घरचा विश्वासही मोडला होता, आणि ते तर त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कडूबानं काठी घेतली आणि तो उठला. राग दिसत नव्हता त्याच्या तोंडावर. "चल माझ्यासंग," तो म्हणाला.

शेजारी पेढ्यांचं दुकान होतं. कडूबा तिथं थांबला आणि म्हणाला, "सांग याला." धम्मपालनं सांगितलं. पेढेवाल्यानं एकदा गुरुजींकडे बघितलं, एकदा कडूबाकडे. सर मागून एवढंच म्हणाले, "कडूबा खरं बोलत होता." मग खेळण्यांचं दुकान. मग रसवंती. प्रत्येक ठिकाणी कडूबा थांबायचा, धम्मपाल पहिल्यापासून सांगायचा, सर तेच एक वाक्य म्हणायचे. पहिल्यांदा धम्मपालनं गरारी मिळत नव्हती हेही सांगून बघितलं होतं. तिसऱ्या दुकानापर्यंत ते गळून गेलं, चौथ्याला निखिलचं नाव गळलं, आणि उरलं ते फक्त, मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही.

ओळीच्या शेवटी काकासाहेबांचं केशकर्तनालय. पंचनाम्यावर त्यांची सही होती. कडूबाच धावत मध्ये आला, असं त्यांनी सांगितलं होतं. खरं तर त्यांनी काहीच बघितलेलं नव्हतं, गुरुजी खोटं बोलणार नाहीत म्हणून सांगितलं होतं. धम्मपालचं सांगून झालं तरी ते हातातला कंगवा तसाच धरून उभे राहिले. मग आत गेले, एक खुर्ची बाहेर आणली, खांद्यावरच्या पंच्यानं झटकली आणि कडूबापुढं ठेवली.

"बस, कडूबा. पाय दुखत असंल."

कडूबा बसला. त्यानं डावा पाय हळूच लांब केला. पायरीवर त्याच्या शेजारी दीनानाथ सर बसले. काकासाहेबांनी समोरच्या हॉटेलात हात करून चहा सांगितला. धम्मपालला कुणी बस म्हटलं नाही, आणि तोही बसला नाही.