सहावा बोल्ट

चंदरकाकांच्या वर्कशॉपसमोर टेम्पो थांबला आणि अस्मिता खाली उतरली. टेम्पोत जीन्स धुण्याच्या मशीनचा ड्रम होता. तिच्या वडिलांनी, भगवान यांनी, जाण्याआधी अंबरनाथच्या शेडमध्ये हातावेगळं केलेलं शेवटचं काम. तो फिरवणारा गिअरबॉक्स चंदरकाकांनी इथे, कॅम्प तीनमध्ये बनवला होता. ड्रम आणि गिअरबॉक्सची गाठ आज पहिल्यांदाच पडणार होती.

'शेवटी शेवटी भगवानचं डोकं ठिकाणावर नव्हतं,' असं त्यांच्या बुवापाड्यात नळावर बायका बोलत होत्या. तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ड्रम नीट बसला, तर निदान तिच्यापुरता तो विषय संपणार होता.

दोन्हीकडच्या जोडणीच्या तबकड्यांवर बोल्टची सहा भोकं एकाच पत्र्याच्या फर्म्यावरून, म्हणजे नमुन्यावरून, मारत. त्यातलं एक मुद्दाम जरासं बाजूला, म्हणजे ड्रम काढून परत लावला तरी त्याच जागी बसावा. फर्म्याची एक बाजू लाल रंगवलेली. ड्रमच्या तबकडीवर ती वर ठेवायची आणि गिअरबॉक्सच्या तबकडीवर फर्मा उलटा करायचा, कारण तबकड्या समोरासमोर येतात.

तिच्याबरोबर आलेला, त्यांच्या शेडमधला फिटर महेंद्र ड्रम गिअरबॉक्सला टेकवून एकेक बोल्ट सरकवत गेला. पाच गेले. सहावा अडला.

"जरा हलवून बघ ना," अस्मिता म्हणाली.

"ताई, हलवून काय होणार? भोक उलट्या बाजूला सरकलंय."

चंदरकाका वाकले, बघितलं, आणि घाईघाईने म्हणाले, "अरे, गलती माझी. फर्मा मीच उलटा करायला विसरलो असणार. बुढ्ढा झालो, बेटी! माझ्या तबकडीत नवीन भोक मारतो, पाच मिनटं."

"आधी फर्मा लावून बघू, काका."

"काय करायचंय बघून? चहा घे तू."

तिने कप बाजूला सारला. ड्रम मागे ओढायला लावला, खुंटीवरचा फर्मा काढला आणि लाल बाजू आत करून गिअरबॉक्सवर टेकवला. सहाही भोकं जुळली.

म्हणजे गिअरबॉक्स बरोबर होता; चुकले होते ते बाबाच.

चंदरकाकांनी आवाज खाली आणला. "कोणाला कळणार आहे, बेटी? भगवानभाईचं शेवटचं काम. राहू दे ना तसंच."

तिलाही क्षणभर वाटलं, राहू दे.

"पुढचा ड्रम आम्ही ह्याच फर्म्यावर करणार," ती म्हणाली. "तो तुमच्या बदललेल्या तबकडीवर बसेल का?"

चंदरकाकांनी नकारार्थी मान हलवली.

"मग भोक ड्रमलाच मारा. बाबांचं चुकलंय."

हे वाक्य मोठ्याने बोलताना आपण रडू, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. महेंद्रने जुनं भोक वेल्डिंगने बुजवलं, घासलं, नव्या जागी खूण केली आणि ड्रिल उचलून तिच्याकडे बघत थांबला.

"मार," ती म्हणाली, आणि ड्रम हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला.