वाट पाहा = ३०

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. पण फाईल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली येईल, ती मी नव्हे. मी संगणकाच्या पोटात राहते. माझा सारा संसार पाच ओळींचा. आणि स्वभाव विचाराल, तर मी जन्माची भित्री. हसू नका. माझ्या जागी असता तर तुमचीही झोप उडाली असती.

माझा जन्म १९९८ सालचा, वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौरस्त्याजवळच्या एका खोलीतला. मला योगेंद्रने लिहिलं. त्याच्या आईला, आनंदाबाईंना, कापूस वेचताना साप चावला होता. लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून एका दवाखान्यात नेलं, तिथे सापाचं इंजेक्शन संपलेलं. दुसऱ्यात नेलं, तिथेही तेच. तिसऱ्या ठिकाणी इंजेक्शन होतं, पण तोवर आनंदाबाई राहिल्या नव्हत्या. योगेंद्र तेव्हा वर्ध्याला संगणक शिकत होता. त्याने गावच्या चार माणसांना जोडीला घेतलं, एक खोली, एक फोन आणि दोन जुने संगणक मिळवले. कोणत्या दवाखान्यात किती इंजेक्शनं आहेत ते रोज सकाळी फोन करून विचारायचं आणि नोंदवायचं. साप चावला की लोकांनी आधी इथे फोन करायचा आणि जिथे इंजेक्शन असेल तिथेच रोग्याला न्यायचं. काम एवढंच होतं.

या नोंदी कोपऱ्यातल्या संगणकात साठवलेल्या असत. दुसऱ्या संगणकावर त्या पाहायच्या तर मध्ये एक निरोप्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, पण तो गाडी चालवत नाही; साठ्याकडे जातो, विचारतो आणि उत्तर घेऊन येतो. निघण्यापूर्वी तो मला वाचतो. कुठे जायचं, कोणत्या दाराने, कोणाच्या नावाने, परवलीचा शब्द कोणता, हे माझ्या पहिल्या चार ओळींत आहे. पाचवी ओळ अशी: वाट पाहा = ३०. म्हणजे उत्तराला उशीर झाला तर तीस सेकंद थांब, मग परत फिर. 'सेकंद' हा शब्द मात्र योगेंद्रने लिहिला नाही. तेव्हा निरोप्या एकच होता आणि त्याला तो न सांगता कळत होता.

सात वर्षं माझं बरं चाललं. फोनवर शोभाबाई बसत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं मिरचीसारखं. "उचल ना रे बाबा, जेवाले गेला का सकाळीच?" असं म्हणत त्या एकेका दवाखान्याला फोन लावत. कोणी पाहुणा आला की योगेंद्र म्हणे, या पाच ओळींना सात वर्षांत हात लावावा लागला नाही. मला गुदगुल्या होत. आणि लगेच वाटे, हात लावायला हवा होता का?

२००५ साली खोलीत नवा संगणक आला, नवा प्रोग्राम आला आणि नवा निरोप्याही. तो चालवायला वर्ध्याची गुंजन आली. पोरगी हुशार, कामाला चटपटीत. जुना संगणक शोभाबाईंनी सोडला नाही. माझं काय करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा त्याच म्हणाल्या की चालून राह्यलं त कशाले हात लावता. म्हणून माझी जशीच्या तशी प्रत नव्या संगणकात ठेवली गेली आणि मी एकाच वेळी दोन घरी नांदू लागले.

नव्या निरोप्याने मला वाचलं आणि तो पाचव्या ओळीपाशी आला. तो तीस मोजत होता सेकंदाच्या हजाराव्या भागांत. तुमची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. कोपऱ्यातला संगणक एरवी झटकन उत्तर देई, म्हणून तेवढ्यातही काम भागलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण एखाद्या दिवशी त्याला उशीर झाला तर? आणखी एक वाईट गोष्ट होती. उत्तर आलं नाही की नवा प्रोग्राम त्या जागी मुकाट्याने शून्य दाखवी. मला ओरडून सांगायचं होतं. पण फाईलला लोक वाचतात, ती बोलत नाही. मी रोज भीत होते, आणि रोज काही होत नव्हतं, म्हणून आणखी भीत होते.

ऑक्टोबरची दुपार होती. सोयाबीनची सोंगणी चालू होती. लोडशेडिंग संपून वीज नुकतीच आली होती आणि कोपऱ्यातला संगणक अजून धापा टाकत होता. फोन वाजला. गुंजनने उचलला.

"बाई, माह्या पोराले साप चावला. कैलासले. इंजेक्शन कुठं भेटते ते सांगा लवकर."

वडनेरच्या पलीकडच्या एका गावातून नत्थूजी नावाचे शेतकरी बोलत होते, एसटीडी बूथवरून. गुंजनने बटण दाबलं. निरोप्या निघाला, पापणी लवायच्या आत परत फिरला, आणि पडद्यावर वडनेर शून्य, हिंगणघाट शून्य, सगळीकडे शून्य. गुंजनने त्यांना सांगितलं की जवळपास कुठेच नाही, नागपूरला न्यावं लागेल. नत्थूजी जीप पाहतो म्हणाले, घडीभरात पुन्हा फोन करतो म्हणाले आणि फोन ठेवला. तिथून नागपूर म्हणजे दोन तासांची वाट. कैलासजवळ दोन तास होते की नव्हते, कोण सांगणार?

शोभाबाई पाणी प्यायला गेल्या होत्या. त्या आल्या, त्यांनी पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्या सकाळीच वडनेरले फोन केलता. सहा लिवले. सहाचे शून्य कसे झाले?"

त्यांनी आपल्या जुन्या संगणकावर तेच विचारलं. तिथेही मीच होते, त्याच पाच ओळी. म्हातारा निरोप्या गेला आणि थांबला. पाच सेकंद. आठ. अकरा. मग उत्तर आलं: वडनेर, सहा. इंजेक्शन कैलासपासून चार किलोमीटरवर होतं, आणि बूथचा नंबर कोणी विचारून ठेवला नव्हता.

दोघी फोनकडे पाहत बसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ते निघून गेले असतील, निदान नागपूरच्या दवाखान्याला तरी कळवते, म्हणून गुंजनने रिसीव्हरला हात घातला. खोलीत फोनची लाईन एकच. शोभाबाईंनी तिचा हात धरला.

"घडीभर म्हणजे तुह्या मनगटावरची घडी नाई, पोरी. त्याची घडी जीप भेटेपर्यंत राहते. फोन मोकळा राहू दे."

बाविसाव्या मिनिटाला फोन वाजला. नत्थूजींना जीप मिळाली नव्हती, दुसरीकडे कुठे मिळेल का, एवढंच ते विचारत होते. गुंजनने त्यांना वडनेरचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तिथं त फटफटीवर नेतो," आणि फोन तसाच लोंबकळत टाकून धावले. कितीतरी वेळ त्या बूथमधले आवाज आमच्या खोलीत येत राहिले.

कैलास वाचला.

त्या संध्याकाळी गुंजनने मला उघडलं. पाचव्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि ती शोभाबाईंना म्हणाली, "मावशी, हा आकडाही घडीभरच म्हणतो. कोणाची घडी, ते सांगतच नाही." तिने तिथे लिहिलं: वाट पाहा = ३० सेकंद. मग मध्ये एक छोटा दुभाष्या बसवला. आता मला फक्त तोच वाचतो आणि प्रत्येक निरोप्याला त्याच्या त्याच्या मोजणीत समजावून सांगतो. निरोप्या जुना असो की नवा, थांबतो सारखाच. आणि उत्तर आलं नाही तर पडद्यावर शून्य येत नाही, "उत्तर आलं नाही, पुन्हा विचारा" असं येतं.

पंधरा दिवसांनी नत्थूजी टोपलीभर सीताफळं घेऊन आले. गुंजनने मान खाली घालून खरं ते सांगितलं, "काका, शून्य मीच सांगितलं होतं." नत्थूजी रागावले नाहीत. टोपलीच्या काठावरून त्यांनी बोट फिरवलं.

"त्या रोजी जीपवाल्याले म्या लय शिव्या देल्या बाई," ते म्हणाले. "येतो म्हणे अन् आला नाई."

"आला असता त आमी नागपूरच्या वाटेवर..."

मित्रांनो, आता माझं वय झालं. नवे संगणक येतात, नवे निरोप्ये येतात, माझी प्रत काढली जाते आणि दर वेळी मी थरथरते. तुमच्याकडे मागणं एकच: आकडा लिहाल तेव्हा तो कशाचा ते शेजारी लिहा, आणि जे माहीत नाही त्याला नाही म्हणू नका. दुभाष्या आहे, ओळ दुरुस्त आहे, सगळं ठीक आहे. तरी दुपारी रस्त्यावर जीपचा आवाज आला की मी दचकते. त्या दिवशी ती वेळेवर आली असती तर.